तिसऱ्या माणसाची फाईल

पहाटे पाचला कळंबोली सर्कलवर उभं राहिलं की पायाखालचा रस्ता थरथरताना जाणवतो. न्हावा-शेवा बंदरातून निघालेले कंटेनरचे ट्रेलर एकामागोमाग येत असतात. कोणी पुण्याकडे वळतो, कोणी मुंब्र्याच्या रस्त्याला लागतो, कोणी शीव-पनवेल महामार्ग धरतो. त्यांच्यामधल्या फटींतून, हँडलला डबा अडकवून तळोजा एमआयडीसीतली पहिली पाळी गाठायला निघालेले मोटारसायकलवाले वाट काढतात. ट्रेलरच्या केबिनमध्ये कुठेतरी, बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाडीचे कागद असतात आणि त्यांत विम्याची पॉलिसी. चाळीस टनांहून जास्त वजनाच्या मालवाहू गाडीसाठी त्या पॉलिसीतल्या ‘थर्ड पार्टी’ भागाचा वार्षिक हप्ता २०२२ च्या दरपत्रकात ४४,२४२ रुपये ठरला. शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलसाठी तो ७१४ रुपये होता. रस्त्यावर कोण कोणाचं किती नुकसान करू शकतो, याचा हा सरकारी हिशेब आहे.

‘थर्ड पार्टी’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यातला माणूस दिसेनासा झाला आहे. पॉलिसी हा दोघांमधला करार. पहिला गाडीमालक, दुसरी विमा कंपनी. तिसरा तो, ज्याने कुठेही सही केलेली नाही. त्याने कंपनी निवडलेली नाही, हप्ता भरलेला नाही, अटी वाचलेल्या नाहीत. तो फक्त रस्त्यावर होता. तरीही हा करार सक्तीचा झाला तो त्याच्यासाठीच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा काढायचा की नाही, हे मालकाच्या मर्जीवर आहे. तिसऱ्या माणसाचा विमा मात्र १ जुलै १९४६ पासून आपल्याकडे बंधनकारक आहे, आणि आज १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ तेच सांगतं. मृत्यू किंवा शारीरिक इजा झाली तर कंपनीच्या जबाबदारीला रकमेची वरची मर्यादाही घातलेली नाही. ज्याच्यासाठी हे सगळं उभं केलं, तो मेला किंवा जायबंदी झाला की त्याच्या घरच्यांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावावा लागतो. त्या दाव्यात विमा कंपनीची जागा ठरलेली असते: सामनेवाले क्रमांक दोन.

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात एका दुपारी मी एका बाईंशेजारी बसलो होतो. सातारकडच्या. नवरा तुर्भ्याला बाजार समितीत कामाला होता, ट्रकखाली गेला. दाव्याचं सहावं वर्ष चालू होतं. मांडीवर बटणाची प्लॅस्टिकची फाईल होती, आणि ती त्यांनी मला दाखवली, कारण कागद वाचू शकणारा माणूस शेजारी बसला होता. वर खबरी जबाबाची झेरॉक्स. खाली घटनास्थळाचा पंचनामा, त्यात हाताने काढलेला रस्त्याचा नकाशा, फुलीने दाखवलेली जागा. मग मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, ट्रकचं आरसी. पॉलिसीची प्रत इतकी फिकट की कंपनीचं नाव उजेडाकडे धरून वाचावं लागत होतं. सगळ्यांत शेवटी मुलीच्या शाळेचा बोनाफाईड दाखला. सगळं बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, “दादा, ही विमा कंपनी आपल्या बाजूची का गाडीवाल्याच्या?”

या प्रकरणात मला जे म्हणायचं आहे ते या प्रश्नातच आहे. कायदा म्हणतो, आपल्या बाजूची. दावे हाताळण्याची वहिवाट म्हणते, गाडीवाल्याच्या. आणि ही वहिवाट कायद्याने लादलेली नाही, ती सवयीने पडलेली आहे.

वहिवाट कशी चालते ते आधी पाहू. दाव्याची नोटीस कंपनीकडे पोचते, कंपनी पॅनेलवरच्या वकिलाकडे वकीलपत्र पाठवते आणि काही तारखांनंतर लेखी कैफियत दाखल होते. तिचा साचा ठरलेला असतो. अपघात झाला हे नाकबूल. झालाच असेल तर या गाडीने झाला हे नाकबूल. या गाडीने झालाच असेल तर चालकाची चूक नाकबूल, मयताचीच होती. मयताचं वय, नोकरी, पगार नाकबूल. अर्जदार त्याचे वारस आहेत हेही नाकबूल. चालकाकडे वैध लायसन्स नव्हतं, परमिट नव्हतं, फिटनेस संपलेला होता. अर्जदारांनी प्रत्येक गोष्ट काटेकोरपणे शाबीत करावी. पोलिसांनी पंचनामा करून, चालकाला अटक करून, दोषारोपपत्र दाखल केलेलं असतानाही हाच मजकूर येतो. मग प्रतिज्ञापत्र, उलटतपासणी, साक्षीदाराचं समन्स, न आलेला डॉक्टर, बदली झालेला तपास अधिकारी. बाई तारखेला येतात, तारीख घेऊन जातात.

नवी मुंबईत यात भूगोलाची भर पडते. शहर एक, पोलीस आयुक्तालय एक, पण जिल्हे दोन. वाशी, तुर्भे, बेलापूर ठाण्यात; खारघर, कळंबोली, पनवेल, उरण रायगडात. रस्त्याच्या दोन टोकांवरचे दावे वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या न्यायाधिकरणांकडे जातात. कलम १६६ ने अर्जदाराला एक सोय दिली आहे: अपघात झाला तिथे, स्वतः राहतो तिथे किंवा सामनेवाला राहतो तिथे, कुठेही दावा लावता येतो. साताऱ्याला परत गेलेली विधवा साताऱ्यात दावा लावू शकते. त्या बाईंना हे कोणी सांगितलं नव्हतं. दावा लावला तेव्हा त्या कोपरखैरण्यात राहत होत्या, म्हणून ठाणं.

आता भांडण नेमकं कशाबद्दल असतं ते पाहू. भरपाई ही न्यायाधीशांच्या मनावर अवलंबून असलेली रक्कम आहे, असा बहुतेकांचा समज असतो. एकेकाळी ते बरंचसं खरं होतं. पण २००९ च्या सरला वर्मा निकालाने आणि ३१ ऑक्टोबर २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणातल्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाच्या निकालाने मृत्यूच्या दाव्याचं गणित जवळजवळ बांधून टाकलं. ते इथे प्रत्यक्ष करून बघू, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

समजा, कळंबोलीजवळ ट्रेलरच्या धडकेत ३४ वर्षांचा एक माणूस गेला. तळोज्यात कंत्राटदाराकडे कामाला, महिना १८,००० रुपये. मागे बायको, दोन मुलं, आई. कायम नोकरी नसलेला आणि चाळिशीच्या आतला, म्हणून पुढे वाढू शकणाऱ्या मिळकतीपोटी ४० टक्के धरायचे: झाले २५,२००. अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा: राहिले १८,९००. वर्षाचे २,२६,८००. वय ३१ ते ३५ मध्ये, म्हणून गुणक १६. आले ३६,२८,८००. सहवास हरपल्याबद्दल प्रत्येकी ४०,००० रुपये २०१७ मध्ये ठरले होते आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ सांगितली होती. दोन वाढी धरून ४८,४००, चौघांचे १,९३,६००. अंत्यसंस्कार आणि मालमत्तेची हानी या दोन बाबींचे प्रत्येकी १८,१५०. एकूण ३८,५८,७०० रुपये.

हा हिशेब करायला मला एक पान लागलं. कंपनीच्या दावा विभागातला कोणताही अनुभवी माणूस तो त्याहून लवकर करील. म्हणजे वय आणि पगार यांचे दोन कागद समोर आले की या फाईलची किंमत दोन्ही बाजूंना अपघाताच्या पहिल्या महिन्यातच कळलेली असते. मग वर्षानुवर्षं चालतं ते काय?

बऱ्याचदा चालतो तो पगाराचा वाद, आणि इथे नवी मुंबईतलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तुर्भ्याच्या बाजारात पोती उचलणारा नोंदीत माथाडी कामगार असेल तर त्याची मजुरी १९६९ च्या माथाडी कायद्याप्रमाणे मंडळामार्फत मिळते. तिची नोंद राहते. त्याच्या विधवेला मंडळाचा उतारा आणता येतो आणि मिळकतीचा मुद्दा तिथेच मिटतो. त्याच ट्रकवरचा क्लीनर, किंवा नाक्यावरून रोजंदारीवर नेलेला माणूस तेवढाच घाम गाळतो, पण त्याचा पगार कुठेच लिहिलेला नसतो. त्याच्या घरच्यांना मुकादमाला साक्षीला आणावं लागतं आणि मुकादम येत नाही. शेवटी न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपासचं अंदाजी उत्पन्न धरतं. ते जर शेवटी धरायचंच आहे, तर सुरुवातीला धरायला काय हरकत आहे? घर सांभाळणाऱ्या बाईच्या बाबतीतही हेच. तिच्या कामाला पैशाचं मोल आहे हे सर्वोच्च न्यायालयाने कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा ठासून सांगितलं. त्यानंतरही ‘मयत काही कमवत नव्हती’ अशी कैफियत येत असेल, तर ती लिहिणाऱ्याने स्वतःच्या घराकडे एकदा पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

जखमींचे दावे याहून अवघड असतात हे मान्य केलं पाहिजे. पाय गुडघ्याखाली गेला तर डॉक्टरांच्या दाखल्यावर अपंगत्वाची टक्केवारी येते. पण ट्रेलर चालवणाऱ्याची मिळकत तेवढ्याच टक्क्यांनी बुडत नाही, सगळीच बुडते. कारकुनाची कदाचित बुडणारच नाही. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालाने शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं अपंगत्व यांत फरक करायला शिकवलं. इथे माणूस समोर बसवून, त्याचं काम समजून घेऊन ठरवावं लागतं. म्हणूनच अशा फाईलला वेळ मिळायला हवा. तो साध्या फाईलींनी खाऊन टाकलेला असतो.

कंपन्या दावा का लांबवतात? दुष्टपणा हे उत्तर सोपं आहे आणि बरंचसं चुकीचं. व्याजापासून सुरुवात करू. न्यायाधिकरण दाव्याच्या तारखेपासून साधारण सहा ते नऊ टक्के सरळव्याज लावतं. वरच्या फाईलवर साडेसात टक्क्यांनी वर्षाला २,८९,४०० रुपये चढतात; आठ वर्षांत २३ लाखांहून अधिक, आणि ३८ लाखांची फाईल ६१ लाखांची होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा उघड तोटा वाटतो. पण हे सरळव्याज आहे. तेवढीच रक्कम गुंतवणुकीत ठेवून कंपनी जवळजवळ तेवढं कमावते, म्हणून ताळेबंदात विलंबाची टोचणी लागत नाही. दावा विभागाला वर्षाच्या शेवटी ‘यंदा किती दिले’ हे विचारलं जातं, ‘आठ वर्षांनी किती द्यावे लागतील’ हे त्या खुर्चीवरच्या पुढच्या माणसाला.

माझ्या मते याहून मोठं कारण सहीचं आहे. अधिकाऱ्याने पहिल्याच महिन्यात स्वतःच्या सहीने ३८ लाख देऊ केले, तर उद्या कोणी विचारू शकतं की इतके का दिलेस, कोणाच्या सांगण्यावरून दिलेस. सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपनीत तर दक्षता विभागाचं सावट कायम असतं. तेच पैसे निवाड्यानंतर, व्याजासकट ६१ लाख दिले, तर कोणी काही विचारत नाही, कारण ‘कोर्टाचा हुकूम’ फाईलला लागलेला असतो. कमी पैसे देणं धोक्याचं आणि जास्त देणं सुरक्षित, अशी व्यवस्था जिथे असेल तिथे प्रामाणिक माणूसही सही टाळणार. त्याला बदलायचं असेल तर त्याच्या सहीला संरक्षण दिलं पाहिजे: गणित जाहीर आहे, त्यात बसणारी रक्कम देऊ केली तर चौकशी नाही, असं लेखी.

कंपन्यांची बाजूही पोकळ नाही. या विम्याचा हप्ता त्या ठरवत नाहीत, सरकार ठरवतं. जबाबदारी मात्र अमर्याद. रस्त्यावरच्या निम्म्याहून अधिक गाड्या विमा नसलेल्या आहेत, बहुतेक दुचाकी. खोटे दावेही असतात, आणि थोडेथोडके नाहीत. अज्ञात वाहनाने उडवलेल्या माणसाच्या प्रकरणात नंतर विमा असलेली ओळखीची गाडी ‘सापडते’. घरात पडलेला माणूस रस्त्यावर पडल्याचा कागद होतो. उत्तर प्रदेशात हे इतकं माजलं की २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाला विशेष तपास पथक नेमायला लावावं लागलं. म्हणून संशय घेऊच नये, असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, संशय पहिल्या पंधरवड्यात घ्या. गाडी खरंच तिथे होती का, हे अपघातानंतर आठ दिवसांनी सीसीटीव्ही, टोलची नोंद आणि गाडीवरचे ओरखडे सांगतात. सहा वर्षांनी ते फक्त साक्षीदाराची आठवण सांगते. सरसकट सगळं नाकारण्याची सवय खोट्या दावेदाराच्याच सोयीची आहे, कारण त्या धुरळ्यात त्याची आणि खऱ्या विधवेची फाईल सारखीच दिसते.

दायित्व विम्याचं काम वेगळ्या रीतीने होऊ शकतं हे बघायला फार लांब जायला नको, न्हावा-शेव्याच्या धक्क्यापर्यंत गेलं तरी पुरे. ७ ऑगस्ट २०१० ला तिथून बाहेर पडलेलं ‘एमएससी चित्रा’ हे जहाज मुंबई बंदराच्या वाटेवर ‘खलिजिया-३’ला धडकलं. कंटेनर समुद्रात पडले, काहींमध्ये कीटकनाशकं होती, शेकडो टन तेल सांडलं, दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबली, कोळ्यांची मासळी कोणी घेईना. त्या दुर्घटनेत सगळ्यांना न्याय मिळाला असं मी मुळीच म्हणणार नाही. पण जहाजांच्या दाव्यांची एक रीत पाहण्यासारखी आहे. जहाजाने कोणाचं नुकसान केलं तर नुकसानग्रस्त उच्च न्यायालयात जाऊन जहाज अटकेत ठेवण्याचा हुकूम मागू शकतो. अडकलेलं जहाज रोज पैसे खातं, म्हणून जहाजमालकांच्या परस्पर विम्याचा क्लब तातडीने हमीपत्र देतो: अमुक रकमेपर्यंत आम्ही बांधील, आता जहाज सोडा, चूक कोणाची ते सावकाश ठरवू. आधी हमी, मग वाद. कंपनीला घाई आहे, कारण विलंब तिला दुखतो. रस्त्यावर ट्रेलर पंचनामा होऊन काही दिवसांत सुपूर्तनाम्यावर सुटतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा न्हावा-शेवा बंदराच्या रांगेत लागतो. विलंब दुखतो तो फक्त तिसऱ्या माणसाच्या घराला.

परदेशातलं एकच उदाहरण देतो, रस्त्याचं नव्हे, रुग्णालयाचं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांत २००१ मध्ये रिचर्ड बूथमन नावाचा वकील दावे सांभाळायला आला. त्याची आधीची कारकीर्द डॉक्टरांच्या बाजूने खटले लढण्यात गेली होती. तिथली वहिवाट आपल्यासारखीच: नाकारा आणि लढा. त्याने ती बदलली. तक्रार आली की आधी स्वतःच तपास करायचा. चूक असेल तर ती रुग्णाला सांगायची, माफी मागायची आणि योग्य रक्कम आपण होऊन देऊ करायची. चूक नसेल तर ठामपणे लढायचं. लोक म्हणाले, दाव्यांची रांग लागेल. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं ते उलट: दर लाख रुग्णभेटींमागे महिन्याला येणारे नवे दावे ७.०३ वरून ४.५२ वर आले आणि दावा मिटायला लागणारा मधला काळ १.३६ वर्षांवरून ०.९५ वर आला. आपल्याकडे सहा वर्षांच्या तारखेला बसलेल्या बाईंना सव्वा वर्षही लांब वाटणारं नाही, पण मुद्दा दिशेचा आहे.

आपल्या देशात हा रस्ता दिल्लीने शोधला. २००९ मध्ये राजेश त्यागी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. आर. मिढा यांनी पोलीस, विमा कंपन्या आणि न्यायाधिकरणं यांना एका टेबलाशी बसवून सर्वसंमत कार्यपद्धती तयार करून घेतली. तिचं सूत्र साधं होतं: पुरावा गोळा करण्याचं ओझं विधवेवरून काढून पोलिसांवर ठेवायचं आणि कंपनीने ठरलेल्या दिवसांत उत्तर द्यायचं. सर्वोच्च न्यायालयाने पुढे ती देशभर न्यायला सांगितली, आणि १ एप्रिल २०२२ पासून ती केंद्रीय नियमांत आली. आज नियम असा आहे: पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा, अंतरिम अहवाल ५० दिवसांत, तपशीलवार अहवाल ९० दिवसांत. लायसन्स, परमिट, पॉलिसी यांची खातरजमा त्यातच होते. त्यानंतर कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने ३० दिवसांत, हिशेबासकट, किती देणार ते लेखी सांगायचं. कुटुंबाला पटलं तर संमतीने निवाडा. नाही पटलं तर उरलेल्या मुद्द्यापुरतीच सुनावणी. तपशीलवार अहवाल हाच दावा अर्ज धरता येतो, वेगळा वकील लावून वेगळा अर्ज करण्याची गरज नाही. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांमध्ये यासाठी खास पथकं नेमण्याचे आदेश राज्यांना दिले.

म्हणजे कागदावर बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं आहे. पण ज्या कायदादुरुस्तीतून हे नियम आले, तिनेच दोन गोष्टी बिघडवल्याही. दावा लावायला सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली, जी १९९४ मध्ये काढून टाकली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंतरिम आदेश काढून सांगावं लागलं की या कारणासाठी दावे फेटाळू नका. दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. जुन्या कलम १४० खाली चूक कोणाची हे न विचारता मृत्यूबद्दल ५०,००० रुपये आधी मिळत आणि ते अंतिम रकमेतून वळते होत. नव्या कलम १६४ खाली चूक न विचारता पाच लाख मिळू शकतात, पण ते स्वीकारले की कलम १६६ चा दावा संपतो. दिवसकार्य कर्जाने केलेल्या घरासमोर एका हाताला आजचे पाच लाख आणि दुसऱ्या हाताला कधीतरी मिळणारे अडतीस लाख ठेवायचे, याला निवड म्हणत नाहीत. ज्याला थांबणं परवडतं त्यालाच पूर्ण भरपाई, असा त्याचा अर्थ होतो. ते पाच लाख आगाऊ म्हणून द्यावेत आणि पुढे वजा करावेत, एवढीच सुधारणा हवी आहे.

लोकअदालतीबद्दलही बोललं पाहिजे, कारण तिथे मिटलेल्या दाव्यांचे आकडे वर्तमानपत्रांत मोठ्या अभिमानाने छापून येतात. तडजोड चांगलीच. पण पाच वर्षं थकलेल्या माणसाला ‘आज सही केलीस तर एवढे, नाहीतर हायकोर्टापर्यंत नेऊ’ असं सांगून झालेली तडजोड आणि पहिल्या चार महिन्यांत हिशेब समोर ठेवून झालेली तडजोड, या दोन्हींची एकाच रकान्यात नोंद होते. मला त्यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. आणि लांबवण्याचा दोष एकट्या कंपनीचा नाही. निवाड्याच्या रकमेवर टक्केवारी ठरलेली असेल, तर ‘आणखी ताणू, जास्त मिळेल’ हा सल्ला अर्जदाराच्या बाजूनेही येतो, आणि अशिलाला ते गणित कोणी करून दाखवलेलं नसतं.

निवाडा झाल्यानंतरही पैसा तिसऱ्या माणसापर्यंत पोचतोच असं नाही. गुजरातमधल्या एका निवृत्त न्यायाधीशांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली तेव्हा दिसलं की न्यायाधिकरणांत जमा झालेल्या कोट्यवधींच्या रकमा कोणी न्यायलाच आलेलं नाही. पत्ता बदललेला, वारस गावी गेलेले, फाईल वकिलाच्या कपाटात. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने आदेश दिला की दाव्यातच अर्जदाराचा आधार, पॅन, बँक खातं घ्यावं, म्हणजे रक्कम थेट खात्यात जाईल. नवी मुंबईसारख्या शहरात, जिथे कामगाराचं कुटुंब कमावता गेला की महिन्याभरात खोली सोडून गावाला जातं, तिथे हे आधीच सुचायला हवं होतं.

नियमांमधला एक कागद मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो सगळ्यांत कमी दिसतो. नमुना क्रमांक दोन. अपघातग्रस्ताचे हक्क काय, पुढे कोणत्या दिवशी कोणाकडून काय घडायला हवं, याचा तो तक्ता आहे, आणि तपास अधिकाऱ्याने तो दहा दिवसांच्या आत कुटुंबाच्या हातात द्यायचा आहे. मराठीत, मोठ्या अक्षरांत, कळंबोलीच्या आणि तुर्भ्याच्या पोलीस ठाण्यात त्याचा गठ्ठा असायला हवा. खबरी जबाबाची प्रत देताना त्याच्यावर तो टाचून द्यायचा, एवढंच काम.

त्या बाईंच्या फाईलमध्ये तो नव्हता. त्यांचा अपघात नियमाच्या आधीचा. चारच्या सुमाराला नावाचा पुकारा झाला, आत गेल्या, पाच मिनिटांत परत आल्या. कंपनीच्या वकिलांनी मुदत मागितली होती. पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची. सातारची एसटी गाठायची म्हणून त्या लगेच निघाल्या. त्या ज्या एसटीत बसणार होत्या, तिथे मात्र हे कोडं वेगळ्या रीतीने सोडवलेलं आहे: एसटीने एप्रिल २०१६ मध्ये प्रत्येक तिकिटामागे एक रुपया घेऊन प्रवाशांसाठी अपघात सहाय्यता निधी सुरू केला. बसच्या अपघातात प्रवासी गेला तर त्यातून वारसांना दहा लाख मिळतात, चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. फाईल पदराखाली धरून त्या जिना उतरत होत्या तेव्हा मी त्यांना एवढंच सांगू शकलो की साताऱ्यालाही न्यायाधिकरण आहे, दावा तिकडे वर्ग करून मागता येईल का ते वकिलांना विचारा. “विचारते,” त्या म्हणाल्या, आणि थांबून फाईलच्या मागच्या बाजूला माझ्याकडून तेवढी एक ओळ लिहून घेतली.